टोकन नंबर चारशे सात

बाहेर उणे एकवीस.
ओउलूच्या बंदरावरचं डांबराचं जुनं गोदाम,
आता तिथं गाणी होतात.
दाराशी रायली, तिच्या पाठीमागं सहाशे बारा कोट,
पितळी टोकनांवर झिजलेले आकडे.

बँडचं नाव हल्ला.
तिथल्या भाषेत हल्ला म्हणजे
भर उन्हाळ्यात एका रात्रीत पडलेलं हिव,
सकाळी बटाट्याचा पाला काळाठिक्कर.
आपल्या अर्थानंही चाललं असतं,
पंचवीस वर्षांपूर्वी ते असेच चालून यायचे.

रायलीनं इथला एकही कार्यक्रम पाहिलेला नाही.
तिला तो कळतो हँगरांतून.
बास वाजला की लोखंडी दांडी कुरकुरते,
खिशाखिशातल्या किल्ल्या बोलायला लागतात,
लोकरी बाह्या एकमेकींना ढोसतात.
ड्रमर नवा आहे,
हे तिला किल्ल्यांनीच सांगितलं.

तिसऱ्या गाण्याला एक जण बाहेर आला,
उंच, दाढीत पांढरं, बँडचाच टीशर्ट पोटावर ताणलेला,
आणि कोट न मागताच दार ढकलून गेला.
"अहो" म्हणेपर्यंत
दारात वाफ तेवढी उरली.

मग संपलं. बांध फुटावा तशी माणसं आली,
घामेजलेली, कान बधिर,
म्हणून ओरडून बोलणारी.
"आवाज गेला रे त्याचा. पार गेला."
"गेला तर गेला, उभा तर होता!"
"उभं राहायचे पंचावन्न युरो?"
"गिटार ऐकूच आली नाही, नुसता चिखल."
"तू बियरच्या रांगेत होतास."
"रांगच बरी होती त्यापेक्षा."

एक बाई रडत होती, नाक पुसत हसत होती,
माझं लग्न आणि घटस्फोट, दोन्ही एकाच अल्बमवर, म्हणाली,
आणि भलताच कोट घालून निघाली,
पायरीवरून परत आली.

दोन विशीतली पोरं.
थोरला म्हणाला, बाबा सांगायचे तेवढं काही नाही.
धाकटा गप्प,
टोकन देऊन झालं तरी त्याची बोटं
काउंटरवर ताल धरून होती.

एका जोडप्यानं एकच टोकन दिलं दोघांत.
तो म्हणाला छान झालं, ती म्हणाली छान झालं,
आणि मफलर गुंडाळताना
दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

रायली कोट देत गेली.
कुणाचं खरं, ते ती कशाला ठरवील?
तिला आकडे जुळले की झालं.

दीड वाजता दांडीवर एकच उरला.
कोपरावर ठिगळ,
खिशातून डोकावणारा एकुलता हातमोजा.
ती दिवे घालवणार तोच दार वाजलं.
भुवयांवर बर्फाची साय,
समोरच्या सॉसेजच्या टपरीत बसलो होतो, म्हणाला,
चार कॉफ्या झाल्या.
टोकन पुढं केलं, पण सोडलं नाही.

"शेवटचं ते गाणं," म्हणाला,
"नदीवरचं. गायला का तो?"

रायलीला आठवलं.
तेव्हा बास थांबला होता, किल्ल्या गप्प,
भिंतीपलीकडून सहाशे माणसं, जाडीभरडी, बेसूर,
आणि त्यांच्यात त्याचा आवाज
शोधूनही सापडला नव्हता.
वरच्या पट्टीशी त्यानं माइक
लोकांकडं वळवला असणार.

"गायलं गेलं," ती म्हणाली.

तो जरा वेळ उभा राहिला,
जुनं नाणं उजेडात धरून पाहावं
तसं ते वाक्य धरून.
मग टोकन सोडलं.
एक बाही घातली.
दुसरी सापडेना, बोटं आखडलेली,
हात पाठीमागं नुसता चाचपडत राहिला.

रायली फळी उचलून काउंटरबाहेर आली
आणि तिनं ती बाही धरली.